हिरवी बादली शेळ्यांना विचारून द्यायची

मोहोळ तालुक्यातलं आमचं गाव, वस्ती तीन हजारांच्या आसपास. ग्रामपंचायतीनं बॅटरीवरची घंटागाडी सुरू केली तेव्हा घरटी दोन बादल्या वाटल्या. ओल्याला हिरवी, सुक्याला निळी. महिन्याचे तीस रुपये घरपट्टीबरोबर घेतात. नुसतं चांगली की वाईट विचाराल तर सेवा चांगलीच आहे. पण ती बेतलीय शहराच्या मापानं.

हिरवी बादली आमच्याकडं रिकामीच. मी घरी कडक भाकरी करून विकते. मोडक्या भाकरीचे तुकडे, मेथीचे देठ, कलिंगडाच्या साली हे सगळं शेळ्या आणि म्हैस फस्त करतात. उरलंसुरलं शेणाबरोबर उकिरड्यात जातं आणि पावसाळ्याआधी शेतात पडतं. शेजारच्या वहिनींनी त्या बादलीत मालदांडी ज्वारी भरून ठेवलीय! ती बादली खरी लागते ती दारात जनावर नसलेल्यांना, म्हणजे भाड्यानं राहणाऱ्या गुरुजींसारख्यांना.

निळी मात्र बघता बघता भरते. दुधाच्या पिशव्या, शाम्पूच्या पुड्या, वेफर्सची पाकिटं, माझ्या पॅकिंगचे कपटे. राज्यात 2018 ला प्लॅस्टिकबंदी आली, पण किराणा दुकानातली पातळ पिशवी काही हटली नाही. पूर्वी हे सगळं पेटवण म्हणून चुलीत जायचं आणि घरभर घाण धूर व्हायचा. तो बंद झाला, एवढ्यासाठी मी तीस काय, पन्नासही देईन.

ओढ्याजवळच्या शेडवर जाऊन बघून आले. तिथं दोघी बायका हातानं कचरा निवडतात. पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या भंगारवाला नेतो. वेफर्सच्या पाकिटाला तो हात लावत नाही, कारण आतला चंदेरी थर प्लॅस्टिकला असा चिकटलेला असतो की सुटा होत नाही. "ताई, दुधाची पिशवी विसळून देत जा, नासक्या वासानं मळमळतं," त्यातली एक म्हणाली. विसळायची आणि कपड्यांच्या दोरीलाच चिमटा लावून वाळवायची, काही अवघड नाही.

आता खोट. गाडी येते साडेनऊला. तोवर द्राक्षबागेच्या कामाला जाणाऱ्या बायका टेम्पोत बसून गेलेल्या असतात. बादली दारात ठेवावी तर कुत्री सांडतात. आणि हंगामात गावाबाहेर ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात, तिकडं गाडी फिरकतच नाही. त्यांचा कचरा मग ओढ्यात.

सगळ्यात राग येतो तो पॅड आणि डायपरचा. 2016 च्या घनकचरा नियमांत ते गुंडाळून द्यायला सांगितलं होतं, आणि घरातला घातक कचराही ओल्या-सुक्यापासून वेगळा ठेवायला. आमच्या गाडीला कप्पे दोनच. पोरींनी नीट कागदात बांधून दिलेलं चालक निळ्या बाजूला टाकतो आणि शेडवर त्या बायकांच्या हातात ते उलगडतं. हातमोजे मला तरी दिसले नाहीत.

औषधाच्या, म्हणजे फवारणीच्या, बाटल्या चालक घेत नाही आणि ते बरोबरच आहे. लाल त्रिकोणाची, म्हणजे जहाल विषाची, बाटली घरच्या कचऱ्यात कशाला? पण बांधावर, विहिरीच्या कडेला त्यांचा खच पडलाय. ज्या दुकानातून औषध आणतो तिथंच रिकामी बाटली परत घेतली पाहिजे, असं माझं मत.

पैसे नाहीत, हे ग्रामपंचायतीचं नेहमीचं उत्तर. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्यासाठी 5000 पर्यंत वस्तीच्या गावाला माणशी 60 रुपये धरले होते. आमच्या गावाचा हिशोब 1,80,000 वर जातो. त्यात गाडी आणि शेड ओढाताणीनंच बसणार, मान्य. म्हणूनच विचारते, घरोघर हिरव्या बादल्या वाटायची घाई कशाला केली? त्या पैशात गाडीला तिसरा कप्पा आणि त्या दोघींना हातमोजे आले असते.

गाडीला पाचपैकी साडेतीन गुण. सकाळी सातला यायला लागली तर चार.