स्टार ट्रॅकर + २०० एमएम लेन्स, तारकागुच्छांसाठी एक सीझन वापरल्यावर

स्टार ट्रॅकर (आकाशाच्या फिरण्याबरोबर कॅमेरा हळूहळू फिरवणारं यंत्र) घेताना डोक्यात एकच टार्गेट होतं, कृत्तिका तारकागुच्छ. आता सीझनभर वापरून झालाय म्हणून लिहितोय. तेजोमेघांच्या मागे असाल तर याचा फार उपयोग नाही, पण खुल्या तारकागुच्छांसाठी मोठ्या दुर्बिणीपेक्षा हेच सरस असं माझं मत झालंय. कृत्तिकांचा पसारा जवळपास २ अंश, म्हणजे पौर्णिमेचे चार चंद्र ओळीने मावतील एवढा, लांब फोकल लेंथच्या दुर्बिणीत तीन-चार तारे दिसतात आणि गुच्छ काही दिसत नाही.

ट्रॅकर नसताना २०० एमएमला सेकंदाच्या वर गेलं की ताऱ्यांच्या रेघा. आता मिनिटभराचं एक्स्पोजर आरामात मिळतं, पोलर अलाइनमेंट (ट्रॅकरचा अक्ष आकाशातल्या ध्रुवाकडे रोखणं) नीट असेल तर. आणि तीच खरी कटकट आहे. सोबत आलेला वेज (ट्रॅकर तिरका बसवायचा आधार) अगदीच लेचापेचा, पोलर स्कोपमध्ये (ट्रॅकरवरच्या छोट्या दुर्बिणीत) ध्रुवतारा बरोब्बर जागेवर आणायचा आणि स्क्रू आवळला की तो सरकलाच. मग मी तो किती सरकतो ते बघून तेवढा आधीच उलट्या बाजूला ठेवतो, जुगाड आहे पण चालतो. कॅमेरा चढवल्यावर परत एकदा बघाच, वजनाने सगळं थोडं खाली बसतं.

लेन्स एफ/२.८ ला निळ्या ताऱ्यांभोवती जांभळं कडं देते, छिद्र थोडं लहान करून एफ/४ ला बरीच सुधारते. फोकससाठी बाख्तिनोव्ह मास्क (लेन्सपुढे लावायची खाचांची चकती, तिच्यामुळे ताऱ्याभोवती तीन रेघा दिसतात) घ्याच, मधली रेघ दोन तिरक्या रेघांच्या बरोब्बर मध्ये आली की झालं, अंदाजपंचे काही नको.

कृत्तिकांभोवतीची निळी धूसर झाक (ती ताऱ्यांच्या जन्मातून उरलेली नाही बरं का, वाटेत आलेल्या धुळीवर त्यांचाच उजेड पडतोय) अंधाऱ्या आकाशाखाली तासाभराच्या फ्रेम्स स्टॅक केल्यावर (एकत्र मिसळून एक फोटो केल्यावर) छान येते. शहरातून ती विसरा, तारे मात्र शहरातूनही मस्त येतात.

कर्क राशीत पुष्य नक्षत्रातला एम४४ हा तारकागुच्छ, ज्यात गॅलिलिओने ४० च्या आसपास तारे मोजले होते, तो खरं सांगू तर १०x५० बायनॉक्युलरमधूनच जास्त भारी वाटतो. फोटोत मजा त्यातल्या केशरी ताऱ्यांची, पण एक्स्पोजर ३० सेकंदांवरच ठेवा नाहीतर सगळे पांढरेफटक होतात. त्याच राशीतला दुसरा गुच्छ एम६७, वय ४ अब्ज वर्षांच्या आसपास, २०० एमएमला अगदीच चिमूटभर दिसतो, तिथे मोठी दुर्बीणच हवी.

ट्रॅकर ठेवतोय, वेज तेवढा बदलणार. पुढचा नंबर ययाती तारकासमूहातल्या जोडगुच्छाचा.