सोफा भिंतीपासून सुटला: हॉलच्या नव्या मांडणीचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

हॉलची मांडणी बदलून आता बरेच महिने झाले. नव्याची नवलाई ओसरली, ज्याची त्याची बसायची जागा ठरून गेली, त्यामुळे आता खरं काय ते सांगता येईल. खोली सजवायची हा हेतू नव्हताच. घरात आम्ही दोघं, आई-बाबा आणि वयात आलेली मुलगी. सगळे एकत्र बसायचे ते टीव्हीकडे तोंड करून, आणि टीव्ही बंद झाला की आपापल्या खोलीत. हॉलमध्ये बोलणं सहज सुरू व्हावं आणि ज्याला गप्प बसायचंय त्यालाही तिथंच बसता यावं, एवढंच हवं होतं.

सगळ्यात मोठा फरक पाडला तो बैठकीच्या कोनाने, आणि त्याला खर्च काहीच आला नाही. सोफा एका भिंतीला आणि खुर्च्या समोरच्या भिंतीला असं होतं. बोलायचं तर आवाज चढवावा लागायचा. आता सोफा भिंतीपासून पुढे ओढला आहे आणि खुर्च्या त्याच्याशी काटकोनात आहेत. दोन माणसांमध्ये साधारण दीड मीटर अंतर राहतं. टीव्ही आहेच, पण बाजूच्या भिंतीवर. पाहायचा तर मान वळवावी लागते, म्हणजे पाहायचं ठरवून पाहिला जातो. काटकोनात बसलं की समोरच्याकडे बघता येतं आणि नजर काढूनही घेता येते. अगदी समोरासमोर बसण्यात जी उलटतपासणीची भावना असते, ती इथे नसते. मुलगी शाळेतल्या अडचणी सांगते त्या याच कोपऱ्यात.

ही कल्पना माझी नाही. 1950च्या दशकात रॉबर्ट सॉमर या मानसशास्त्रज्ञाने कॅनडातल्या एका रुग्णालयात भिंतीलगत ओळीने मांडलेल्या खुर्च्या लहान टेबलांभोवती आणल्या, तेव्हा वृद्ध रुग्णांमधलं बोलणं जवळपास दुप्पट झालं. टेबलाच्या कोपऱ्याला लागून बसलेली माणसं समोरासमोर बसलेल्यांपेक्षा जास्त बोलतात, हेही त्याने नोंदवलं होतं. आमच्याकडे सुरुवातीला बाबा रोज खुर्ची मागे सरकवून भिंतीला टेकवायचे. हळूहळू ते थांबलं.

आवाजाचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण घर लावताना त्याचा विचार फारसा कुणी करत नाही. गुळगुळीत फरशी, मोठी काच, उघड्या भिंती. अशा खोलीत आवाज घुमतो. तरुण कानांना ते जाणवतही नाही. आईला कमी ऐकू येतं, आणि तिला दोन जण एकदम बोलायला लागले की शब्दच सुटे करता येत नाहीत. श्रवणयंत्र बोलण्याबरोबर घुमणारा आवाजही मोठा करतं. मग ती हसून मान डोलवायची आणि थोड्या वेळाने उठून जायची. आम्हाला वाटायचं, तिला एकटं राहायला आवडतं. जाड गालिचा, भरपूर चुण्यांचे जड पडदे आणि एका भिंतीला पुस्तकांनी भरलेलं कपाट एवढं केलं. शब्द ओळखू येतात ते मुख्यतः व्यंजनांमुळे, आणि व्यंजनांचे बरेचसे आवाज उंच पट्टीतले असतात. नेमके तेच आवाज कापड शोषून घेतं, त्यामुळे एकाच्या शब्दावर आधीच्या शब्दाची घुमण चढत नाही. आई आता शेवटपर्यंत बसते. मधेच कुणाचं तरी वाक्य दुरुस्तही करते. या एका बदलासाठी मी बाकी सगळं सोडून द्यायला तयार आहे.

उजेडाचा अनुभव संमिश्र. छतावरच्या 6500 केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर) पांढऱ्या दिव्याऐवजी संध्याकाळी 2700 केल्विनचे पिवळसर दिवे लावतो, तेही डोळ्यांच्या पातळीखाली, शेड असलेले. चेहरे मऊ दिसतात, डोळ्यांखाली सावल्या पडत नाहीत. डोळ्यांतल्या ज्या पेशी शरीराला दिवस-रात्रीची खूण देतात त्या 480 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाला सर्वाधिक प्रतिसाद देतात, म्हणून रात्री निळा उजेड कमी असणं चांगलंच. पण वय वाढलं की डोळ्याचं भिंग पिवळट होतं, बाहुली आकसते, आणि वाचायला खूप जास्त उजेड लागतो. बाबांना वर्तमानपत्र दिसेना. त्यांच्या खुर्चीशेजारी वाचनाचा वेगळा, प्रखर दिवा ठेवावाच लागला. शिवाय जमिनीवरच्या दिव्यांच्या वायरी म्हाताऱ्या पायांना धोक्याच्या. त्या भिंतीच्या कडेने चिकटवून घ्या, आधी ते आणि मग दिवे.

खिडकीपाशी उंच पाठीची एक खुर्ची आहे. पाठीमागे भिंत, समोर दार आणि सगळी बैठक दिसते. स्वतः आडोशाला असून समोरचं दिसणं माणसाला सुखावतं, असं भूगोलतज्ज्ञ जे ॲपलटन यांनी 1975 मध्ये मांडलं होतं. ही जागा केली नसती तर मुलगी हॉलमध्ये आलीच नसती असं मला ठामपणे वाटतं. ती तिथं कानात हेडफोन घालून बसते, आणि कधीतरी हेडफोन काढून आपणहून बोलण्यात शिरते. तिथं बसलेल्याला हाक मारायची नाही, हा नियम सगळे पाळतात.

कुंड्यांबद्दल थोडक्यात. बघायला छान वाटतं, पण हवा शुद्ध होते म्हणून ठेवू नका. झाडं हवा शुद्ध करतात असं दाखवणाऱ्या, बंद पेटीत केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष राहत्या खोलीला लागू पडत नाहीत, त्यापेक्षा खिडकी उघडणं कितीतरी उपयोगी. भिंतीच्या रंगाने आमच्याकडे कुणाच्या मनःस्थितीत काही फरक पडल्याचं दिसलं नाही.

एक तक्रार उरली आहे. पाहुणे जास्त आले की काटकोनाची बैठक अपुरी पडते आणि उरलेले लोक सोफ्याच्या पाठीमागे उभे राहतात, गप्पांच्या बाहेर. त्यासाठी हलक्या, एका हाताने उचलता येतील अशा बैठ्या स्टुलांची सोय करतो आहोत. भाड्याच्या घरात राहत असाल तर यातलं जवळपास सगळं नवीन खिळा न ठोकता जमतं. खुर्च्यांपासून सुरुवात करा, आणि घरातल्या सगळ्यात कमी ऐकू येणाऱ्या माणसाला कुठे बसायचंय ते आधी विचारा.