पायरीची खोली मोजा: कॉलेजचं जुनं फुटबॉल स्टेडियम दुरुस्त करावं की नवं बांधावं?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलची बरीच स्टेडियम 1920च्या दशकातली. त्यांचं पुढे काय करायचं हे ठरवायला विद्यापीठाची समिती बसली, की पहिल्याच बैठकीत कोणीतरी म्हणतं, 'दुरुस्तीच स्वस्त पडेल.' सरसकट तसं नसतं. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मेमोरियल स्टेडियमच्या (1923) नूतनीकरणाला 32 कोटी 10 लाख डॉलर लागले. मिनेसोटा विद्यापीठाने 2009 साली कॅम्पसवर संपूर्ण नवं स्टेडियम बांधलं ते 28 कोटी 85 लाखांत, आणि बेलर विद्यापीठाने 2014 मध्ये टेक्ससमधल्या वेकोला ब्राझोस नदीकाठी 26 कोटी 60 लाखांत. बर्कलीची अडचण वेगळी होती हे मान्य. हेवर्ड भ्रंश (जमिनीतली भूकंपप्रवण भेग) तिथे मैदानाखालूनच जातो, त्यामुळे प्रेक्षागाराचे काही तुकडे बाकीच्या बांधकामापासून सुटे करून, भूकंपात सरकू शकतील असे ठेवावे लागले. पण नव्या बांधकामाचाही भरवसा नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नव्या स्टेडियमचा, रायन फील्डचा, आकडा सुमारे 85 कोटींवर गेला. तेव्हा नुसत्या खर्चावरून निकाल लावू नये.

समितीला दुसरी धास्ती असते काँक्रीटची. ती मला वाजवीपेक्षा जास्त वाटते. पाणी पायऱ्यांमधल्या सांध्यांतून झिरपतं, थंड प्रदेशात बर्फ वितळवायच्या मिठातलं क्लोराइड सोबत नेतं, सळई गंजून फुगते आणि वरचा थर सुटतो. याला इलाज आहे. साखळी फरफटवून पोकळ आवाज कुठे येतो ते शोधायचं, काँक्रीटचा नळीसारखा नमुना (कोअर) काढून क्लोराइड किती खोल गेलंय ते तपासायचं, गंजलेल्या सळईच्या मागे किमान पाऊण इंच मोकळं होईपर्यंत फोडायचं, सळई साफ करून भरायचं. गफलत होते ती इथे: नुसतं ठिगळ लावलं, तर ठिगळाच्या कडेची जुनी सळई आधीपेक्षा वेगाने गंजते. म्हणून कडेने जस्ताचे ॲनोड, म्हणजे सळईऐवजी स्वतः गंजणारे तुकडे, बांधतात. ते निविदेत लिहिलेले नसतील, तर काही हिवाळ्यांनी ठिगळाशेजारीच नवा फुगवटा येतो. शिवाय फोडायला घेतलं की नुकसान पाहणीत दिसलं त्याहून जास्त निघतं, हे गृहीतच धरा. कंत्राट ठोक रकमेत न देता चौरस फुटाच्या दराने द्यावं.

काँक्रीट दुरुस्त होतं. भूमिती होत नाही, आणि माझं मत नेमकं तिथे फिरलं.

जुन्या स्टेडियमची पायरी, म्हणजे प्रेक्षकांच्या एका रांगेचा टप्पा, साधारण 24 इंच खोल असते. पाठ नसलेल्या बाकावर, माणशी 18 इंचांत, लोकांना दाटीने बसवायचं या हिशेबाने ती आखलेली. आज पाठीची खुर्ची लावायची आणि बसलेल्यांच्या गुडघ्यांसमोरून माणूस सुखाने जायला हवा, तर 33 इंच लागतात. समजा एका बाजूला 60 रांगा आहेत. 24 इंचांच्या 60 रांगा म्हणजे 120 फूट. तेवढ्याच उतारात 33 इंचांच्या फक्त 43 रांगा बसतात. त्यात जागेची रुंदी 18 वरून 21 इंच केली, की प्रत्येक रांगेतली सातवी जागा गेली. दोन्ही मिळून सुमारे 38 टक्के जागा कमी. आणि त्या कमी झाल्या त्या पैसे खर्चून!

यावर सल्लागार एक तोडगा हमखास सुचवतात: जुन्या तीन रांगांवर हलका फोम आणि वर पातळ काँक्रीट घालून दोन रांगा करायच्या. कागदावर ते जमतंही. तीन रांगांचे 72 इंच, दोघींना 36-36. जुनी पायरी 10 इंच उंच असेल तर नवी 15 इंचांची होते, म्हणून मधल्या वाटेत साडेसात इंचांच्या दोन-दोन पायऱ्या घालायच्या. घोळ होतो तो खालच्या कॉनकोर्समधून (प्रेक्षकांच्या ये-जा करायच्या मार्गिकेतून) वर येणाऱ्या दारांशी. ती जुन्या रांगांच्या उंचीवर कापलेली असतात, नवी रांग तिथे अर्धवट उंचीवर येऊन थांबते. मग प्रत्येक दाराशी वेगळा उतार, वेगळा कठडा, वेगळा नकाशा. मी पाहिलेल्या कामांत खर्चाचा अंदाज फुगला तो बहुतेकदा या दारांपाशी, काँक्रीटच्या ठिगळांपाशी नाही.

व्हीलचेअरच्या जागांचंही मूळ दुखणं तेच. 50,000 आसनांच्या स्टेडियमला अमेरिकन अपंगत्व कायद्याच्या 2010 च्या मानकांप्रमाणे 261 जागा लागतात. समोरून येण्याच्या जागेला 48 इंच खोली हवी, म्हणजे जुन्या दोन रांगा गेल्या. पुढचे प्रेक्षक उभे राहिले तरी त्यांच्या डोक्यावरून मैदान दिसायला हवं, म्हणून ओटा आणखी उचलावा लागतो आणि मागच्यांची नजर अडते. 'आम्ही फक्त दुरुस्ती करतोय, फेरबदल नाही' असं म्हणून यातून सुटता येत नाही. मिशिगन विद्यापीठाने तसं म्हणून पाहिलं आणि 2008 मध्ये तडजोड करून जागा वाढवल्या.

नव्या बांधकामाची गैरसोय म्हणजे मधले हंगाम. नॉर्थवेस्टर्नने 2024 आणि 2025 मध्ये सरोवराकाठच्या तात्पुरत्या छोट्या स्टेडियमवर आणि शिकागोच्या रिग्ली फील्ड या बेसबॉल मैदानावर सामने भरवले. पण मोठ्या नूतनीकरणातही घर सोडावं लागतंच: कॅलने (बर्कलीच्या संघाने) 2011 चा हंगाम सॅन फ्रान्सिस्कोच्या बेसबॉल मैदानावर काढला, वॉशिंग्टन विद्यापीठाने 2012 चा सिएटलच्या व्यावसायिक संघाच्या स्टेडियमवर. हंगाम न बुडवता उरकायचं तर टेक्सस ए अँड एम विद्यापीठासारखं: काइल फील्डची पश्चिम बाजू 21 डिसेंबर 2014 ला स्फोटाने पाडली आणि 12 सप्टेंबर 2015 ला तिथे सामना झाला. मात्र एकूण प्रकल्प 48 कोटी 50 लाखांचा होता आणि मागे लाखभर प्रेक्षकांचा बाजार. तो नसेल, तर दोन हंगामांच्या मधे बाजू उभी करायच्या घाईचं बिल झेपणारं नसतं.

त्यामुळे उंच खांबांवर उभं, 24 इंची पायऱ्यांचं, 40 ते 50 हजार आसनांचं स्टेडियम असेल, तर माझा कल पाडून नवं आणि लहान बांधण्याकडे आहे. नॉर्थवेस्टर्नने 47 हजारांवरून 35 हजारांवर यायचं ठरवलं, ते मला पटतं. नाहीतरी नुसत्या पायऱ्या रुंदावून जवळपास तिथेच पोहोचलो असतो. ज्यांचं बोल (वाडग्यासारखं प्रेक्षागार) जमिनीत खोदलेलं आहे, येल बोलसारखं, त्यांचं गणित निराळं. तिथे भार मातीवर असतो आणि पाडण्यासारखं फार काही नसतं. फक्त एक उंच बाजू काढून नवी बांधायची आणि बाकी बोल राखायचं, हाही मार्ग वाईट नाही, पण राखलेल्या बाजूला जुनीच पायरी राहणार, तेव्हा त्या तिकिटांचा दर आधीच कमी धरून हिशेब मांडा.

वास्तुविशारद नेमण्याआधी टेप घेऊन जा. चारही बाजूंना खालची, मधली आणि वरची अशा तीन-तीन पायऱ्या मोजा, खोली आणि उंची दोन्ही. जुन्या स्टेडियममध्ये मागाहून जोडलेला मजला मूळ भागाच्या मापाचा असेलच असं नाही. प्रत्येक दार कितव्या रांगेत उघडतं तेही टिपून घ्या.