पिवळ्याखाली अस्तर कोणतं: पांढरं, गुलाबी की पिवडी?

टेबलावरच्या खेळातल्या छोट्या मॉडेल-सैनिकांची पिवळी फौज रंगवायची ठरवलीय म्हणजे प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर), पातळ हात, वॉश (खाचांत उतरून सावली देणारा पातळ रंग), ओली पॅलेट हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. प्रश्न उरतो तो एकच: पिवळ्याच्या खाली काय लावायचं? मी ब्रशने रंगवतो, त्यामुळे बोलणार ते ब्रशवाल्यांच्या बाजूने. डोळ्यांसमोर आहेत वॉरहॅमर या खेळातले इंपीरियल फिस्ट्स नावाचे सैनिक. पिवळ्याचा छळ समजून घ्यायला त्यांच्याहून चांगली फौज नाही. डोक्यापासून टाचेपर्यंत पिवळं चिलखत, त्यात ते मोठाले गुळगुळीत खांदे. चूक लपवायला जागाच नाही.

बाटलीला दोष देण्यात अर्थ नसतो. झगझगीत पिवळे बहुतेक सेंद्रिय रंगद्रव्यांचे, गेल्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत निघालेल्या हान्सा यलोच्या कुळातले. दिसायला स्वच्छ, पण पारदर्शक. खाली जे असेल ते वर दाखवणार. कॅडमियमचा पिवळा बऱ्यापैकी झाकतो, पण तो विषारी. त्याचा एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाने) उडवलेला धुरळा छातीत घ्यायची हौस कुणाला असेल असं वाटत नाही. लोहाच्या ऑक्साइडचा पिवळा, म्हणजे भिंतींना लागायची ती आपली पिवडी, झाकायला पक्की पण जरा मळकट. म्हणजे उजळ तो झाकत नाही, झाकतो तो उजळ नाही. त्यातून पिवळा मुळातच फिकट, खालचा जरासा काळेपणाही डोळ्याला खुपतो. काळ्या प्रायमरवर थेट चढवलात तर शेवाळी हिरवा दिसेल, आणि हातावर हात देत खरा पिवळा येईस्तोवर चिलखतावरचे रिव्हेट बुजलेले असतील.

म्हणून अस्तर. पहिला पर्याय सगळ्यांना सुचतो तो, पांढरं. याच्याइतका उजळ पिवळा दुसऱ्या कशावर मिळत नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. लिंबाच्या जवळचा, थंड, कडक पिवळा हवा असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही. फक्त तो थंडपणा कधीकधी हिरवटाकडे झुकतो, आणि ब्रशचा प्रत्येक फराटा पांढऱ्यावर उठून दिसतो. रंग खाचेत साचतो तिथे गडद, कडांवरून ओघळतो तिथे जवळपास पांढरा. पांढऱ्या स्प्रेचं आणखी एक दुखणं आपल्या हवेत जास्त जाणवतं. उन्हाळ्यात कोरड्या गरम हवेत थेंब उडता उडताच सुकतात आणि मॉडेलवर भुकटी होऊन बसतात; कोकणात, मुंबईत पावसाळ्यात दमटपणाने वेगळा घोळ होतो. हे इतर रंगांच्या स्प्रेलाही होतं, पण पांढऱ्यावर, आणि त्यावरच्या पिवळ्यावर, तो खरखरीतपणा लपत नाही. दिव्याचंही बघा. पिवळसर बल्बखाली पांढऱ्यावरचा पिवळा कुठे लागला आणि कुठे राहिला ते कळतच नाही. सकाळी खिडकीशी नेल्यावर काखेत, गुडघ्यामागे पांढरे ठिपके सापडतात. पांढराच वापरणार असाल तर दिवसाच्या उजेडाचा पांढरा दिवा घ्या.

गुलाबीबद्दल पहिल्यांदा ऐकणारा हसतो. पण कल्पना भक्कम आहे, आणि मोटारींची मॉडेल करणारे ती कित्येक वर्षं वापरताहेत. टामिया या जपानी मॉडेल-कंपनीच्या प्रायमरच्या डब्यांत गुलाबीही मिळतो. गुलाबी उजळ असतो, त्यामुळे पिवळा मरत नाही, आणि त्यातला लाल पातळ पिवळ्यातून वर झिरपतो. खाचांत आपोआप नारिंगी सावली, उंचवट्यावर उबदार पिवळा, एकूण रंग हापूसच्या सालीकडे झुकणारा. एअरब्रशने गुलाबीवर पिवळा वरच्या बाजूने उडवला की अर्धी छायाप्रकाशाची कामं फुकटात होतात. मला विचाराल तर तिन्हींत दिसायला सर्वांत देखणा हाच.

आता पिवडी. मिनिएचरच्या, म्हणजे अशा छोट्या मॉडेलांच्या, रंगांत सिटाडेल कंपनीचा ॲव्हरलँड सनसेट किंवा व्हॅलेहो कंपनीचा यलो ओकर, दोन्ही त्याच वाटेचे. प्रायमर करडा असो, तपकिरी असो, दोन पातळ हातांत सपाट, एकसारखा पृष्ठभाग मिळतो. काळ्यावरही जमतं, फक्त हात वाढतात. त्यावर यिरिएल यलोसारखा मधला पिवळा, अगदी खाचेपर्यंत न नेता, आणि हवी तर कडांवर फ्लॅश गिट्झ या झगझगीत पिवळ्याची रेघ. सावलीला काळा किंवा करडा वॉश नको, पिवळा हिरवा पडतो. तपकिरी सेराफिम सेपिया नाहीतर नारिंगी फ्यूगन ऑरेंज वॉश, तोही फक्त फटींत टोकाने सोडायचा. तोटा उघड आहे. या पिवळ्यात झगमग कमी. हाताशी धरला तर छान, पण टेबलाच्या पलीकडच्या टोकावरून तो मोहरीकडे जातो. एखाद्याला तेच नको असेल, आणि त्यात वावगं काही नाही.

काँट्रास्ट नावाच्या, एकाच हातात रंग आणि सावली देणाऱ्या रंगांचं नाव घ्यायला हवं. सिटाडेलने ते 2019 मध्ये आणले, आता तसल्या रंगांची रांग लागलीय. फिक्या अस्तरावर एक हात, आणि काम उरकलं. केस, कापड, लोकर यावर उत्तम. मोठ्या सपाट खांद्यावर मात्र या जातीचा रंग मधेच थबकतो आणि सुकल्यावर किनार सोडतो. शनिवारच्या खेळाला फौज उभी करायची असेल तर जरूर करा, मी त्याला तुलनेत धरत नाही.

इथपर्यंत पाहिलं तर गुलाबी जिंकायला हवा. माझ्याकडे जिंकला नाही, आणि त्याचं कारण एकदम क्षुल्लक आहे: डागडुजी.

पिवळं चिलखत झालं की काम संपत नाही. अजून बंदूक काळी करायची असते, आणि ती नेमकी छातीला चिकटून धरलेली. बंदूक आणि छाती यांच्या मधल्या फटीत ब्रश घातला की कधी ना कधी टोक पलीकडे टेकतंच. छातीवर काळं टिंब. गुडघ्यावर काळे-पिवळे पट्टे काढणाऱ्यांच्या नशिबी तर हे रोजचंच. आता हे टिंब पुसायचं कसं ते तिन्ही अस्तरांवर करून पाहा. पांढऱ्यावर आधी टिंब पांढऱ्याने बुजवायचं, त्याला दोन हात तरी लागतात, मग पिवळ्याचे तीन. एवढं करून ठिगळ आजूबाजूपेक्षा फिकं दिसतं आणि त्याची कड बोटाला लागते. कड लपवायला रंग बाहेर ओढत न्यावा, तर बघता बघता अख्खी छाती पुन्हा रंगवायला बसलेलो असतो. गुलाबीवर याहून वाईट, कारण ती नारिंगी झाक पातळ थरांतून आलेली असते आणि ब्रशने लावलेल्या ठिगळात ती पुन्हा हुबेहूब आणता येत नाही. निदान मला येत नाही. सफाईदार हाताच्या लोकांना जमतही असेल.

पिवडीवर काय होतं? टिंबावर पिवडीचा एक ठिपका, लागलाच तर दुसरा. सुकला की त्यावर मधल्या पिवळ्याचा एक. संपलं. फटीजवळ असेल तर मधल्या पिवळ्याचा ठिपकाही नको, कारण तिथे सेपियात मिसळलेली पिवडी तशीही दिसतेच आहे. एकट्या मॉडेलवर हा फरक किरकोळ वाटेल. अख्ख्या तुकडीवर तो कितीतरी संध्याकाळी खातो, आणि माझ्या कपाटात अर्धवट सुटलेल्या पिवळ्या तुकड्या सगळ्या पांढऱ्या अस्तराच्या आहेत.

तरीही हे सगळ्यांना लागू पडेलच असं नाही. हातात एअरब्रश आहे, कपाटात ठेवायचा एकच देखणा सरदार रंगवायचाय, आणि बंदूक वेगळी रंगवून नंतर चिकटवायची तयारी आहे, तर गुलाबी घ्या, मी अडवणार नाही. मोटारीच्या गुळगुळीत टपाला तर गुलाबी किंवा पांढराच बरा, कारण तिथे ब्रशचं फारसं कामच नसतं. मुंबईच्या जुन्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचं मॉडेल करणाऱ्यांनी मात्र पिवडीचा विचार करावा असं मला वाटतं. त्या टपाचा पिवळा मुळात गडद, उबदार होता, लिंबू नव्हता. क्रम तेवढा सांभाळा: आधी टप पिवळं, ते पुरतं सुकल्यावर त्याला टेप, मग खाली काळा. उलट केलंत तर काळ्यावर पिवळा चढवायची शिक्षा पुन्हा आहेच.

खात्री पटत नसेल तर महागडी बाटली लगेच घेऊ नका. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा कुठल्याही मोठ्या स्टेशनरीच्या दुकानात ॲक्रिलिकची यलो ओकरची ट्यूब मिळते. मिनिएचरच्या रंगाइतकी ती बारीक वाटलेली नसते, म्हणून सरदाराच्या चेहऱ्याजवळ नेऊ नका, पण एखाद्या बिनकामाच्या खांद्यावर पातळ करून लावून बघायला पुरते. शेजारी दुसरा खांदा पांढरा करा, दोन्हींवर तुमचा नेहमीचा पिवळा द्या, मग दोन्हींवर मुद्दाम काळं टिंब टाका आणि ते बुजवायला बसा.