संदेष्ट्यांची स्वप्ने आणि दृष्टांत वाचायला मराठी बायबल: छापील प्रत बरी की फोनवरचे ॲप?

बायबलमधली स्वप्ने आणि दृष्टांत मुळापासून, क्रमाने वाचायचे ठरवले तर मराठी वाचकाच्या हाताशी दोन साधने सहज येतात. एक, बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे (बीएसआय) छापील पवित्र शास्त्र. दुसरे, फोनवरचे यूव्हर्जन ॲप. त्यात हाच बीएसआयचा मजकूर आहे आणि शेजारी आयआरव्ही हा अलीकडचा मराठी अनुवादही आहे, दोन्ही मोफत. रोजच्या मननाला दोहोंपैकी काहीही चालते. या विषयाची गरज मात्र निराळी आहे. कोणी पाहिले, कधी पाहिले, अर्थ कोणी सांगितला आणि तो पारखला कोणी, हे एखाद्या वचनावरून समजत नाही, सबंध अध्याय वाचावे लागतात. म्हणून हे परीक्षण एवढ्या एकाच कामापुरते आहे.

आमचे मत आधीच सांगून टाकतो: वाचायला छापील प्रत घ्या, शोधायला ॲप घ्या. याच्या उलट केले की घोळ होतो, आणि अभ्यासवर्गांत तोच सगळ्यात जास्त दिसतो.

सुरुवात शब्दापासून करायला हवी. मराठी बायबलमध्ये संदेष्ट्याला जे दाखवले जाते त्याला ‘दृष्टांत’ म्हटले आहे. हा शब्द आपल्याकडे जुना आहे आणि जिवंत आहे. देवाने स्वप्नात येऊन दृष्टांत दिला, हे वाक्य मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. हा मोठाच फायदा, पण त्यातच खाचही आहे. दाखला, उदाहरण, बोधकथा यांनाही आपण दृष्टांतच म्हणतो. पेरणाऱ्याचा दृष्टांत, उधळ्या पुत्राचा दृष्टांत, असे मंडळीत सर्रास बोलले जाते. नवखा वाचक यहेज्केल संदेष्ट्याने खबार नदीकाठी पाहिलेले आणि येशूने सांगितलेली गोष्ट एकाच खणात टाकतो. मुळात हे शब्द वेगळे आहेत. हिब्रूत स्वप्नाला ‘हलोम’, दृष्टांताला ‘हाझोन’ किंवा ‘मारे’, आणि दाखल्याला ‘माशाल’. अभ्यासाच्या वहीत पहिल्याच पानावर ठरवून टाका की बोधकथेला दाखला म्हणायचे आणि दृष्टांत हा शब्द पाहिलेल्या गोष्टीसाठी राखून ठेवायचा. पुढची निम्मी गफलत तिथेच टळते.

आता ॲपमधला शोध. हेच त्याचे बलस्थान आणि फसगतही इथेच. ‘दृष्टांत’ असे लिहून एकदा शोधा आणि ‘दृष्टान्त’ असे जोडाक्षराने लिहून पुन्हा एकदा शोधा. दोन्ही लेखनपद्धती चालतात, आणि एकाच पद्धतीने शोधले तर यादी अर्धवट येऊ शकते. ‘स्वप्न’ शोधताना ‘स्वप्ने’, ‘स्वप्नात’, ‘स्वप्नांचा’ ही रूपेही वेगळी टाकून बघा.

इतके करूनही बरेच काही निसटते, कारण कितीतरी ठिकाणी हे दोन्ही शब्द मजकुरात येतच नाहीत. सुक्या हाडांचे खोरे, म्हणजे यहेज्केल 37, सगळ्यांना पाठ असते, पण त्या अध्यायात मुळात दृष्टांत हा शब्दच नाही. तिथली खूण वेगळी आहे: परमेश्वराचा हात संदेष्ट्यावर आला. यहेज्केलाच्या पुस्तकात ही खूण (आधी अध्याय, मग वचन) 1:3, 3:22, 8:1, 37:1 आणि 40:1 इथे सापडते, आणि या पाचही ठिकाणी पुढे काहीतरी पाहिले जाते. आमोसाची पद्धत ‘प्रभूने मला असे दाखवले’ अशी. टोळ, अग्नी, ओळंबा, पिकल्या फळांची टोपली, आणि पाचव्या खेपेला वेदीजवळ उभा असलेला प्रभू. जखऱ्या म्हणतो, मी डोळे वर करून पाहिले. प्रेषितांची कृत्ये 16:9 मध्ये पौलाला मासेदोनियाचा माणूस रात्री दिसतो, तरी ग्रीकमध्ये शब्द ‘होरामा’ आहे, दृष्टांत. त्याला स्वप्न म्हटलेले नाही. लूकने प्रेषितांच्या कृत्यांत हा शब्द 11 वेळा वापरला आहे. मत्तयाचा शब्द वेगळाच, ‘ओनार’, स्वप्न. तो सबंध नव्या करारात फक्त मत्तयात आणि तोही 6 वेळाच येतो: मरीयेचा पती योसेफ याची चार स्वप्ने, पूर्वेकडून आलेल्या मागी (ज्ञानी) लोकांचे एक आणि पिलाताच्या बायकोचे एक. त्यांतले कोणीही संदेष्टा नाही. स्वप्न पडले म्हणजे माणूस संदेष्टा झाला, हा गैरसमज एवढ्यावरच गळून पडायला हवा. अबीमलेख, फारो, नबुखद्नेस्सर यांनाही स्वप्ने पडली आणि ते तर इस्राएलातलेही नव्हते.

म्हणून ॲपच्या शोधात ‘परमेश्वराचा हात’, ‘मला दाखवले’, ‘डोळे वर करून’ हेही टाका. यादी कागदावर उतरवून घ्या आणि मग छापील प्रतीत ते अध्याय सबंध वाचा.

सबंध का, याचे जखऱ्यासारखे उदाहरण दुसरे नाही. 1:7 मध्ये तारीख दिली आहे: पारसाचा राजा दारयावेश याच्या दुसऱ्या वर्षाच्या अकराव्या महिन्याची, म्हणजे शबाट महिन्याची, चोविसावी. आपल्या गणनेने इ.स.पू. 519. त्यानंतर 6:8 पर्यंत नवी तारीख नाही. पुढची थेट 7:1 मध्ये, चौथ्या वर्षातली. मधले आठही दृष्टांत एका रात्रीचे आहेत. ॲपमध्ये रोज एक अध्याय अशी वाचनयोजना लावली की ही एक रात्र सहा दिवसांत फाटते. 4:1 मध्ये देवदूत संदेष्ट्याला झोपेतून उठवावे तसे उठवतो. मग ते वाक्य अधांतरी वाटते, कारण मागचे तीन अध्याय विसरलेले असतात. छापील प्रतीत हा भाग मोजक्याच पानांत मावतो. एका बैठकीत वाचला की घडण दिसते: पहिल्या दृष्टांतात घोडे, आठव्यात रथांचे घोडे, आणि मधोमध चौथा आणि पाचवा, म्हणजे महायाजक यहोशवा आणि दोन जैतून झाडांमधला दीपवृक्ष. बाहेर सारी पृथ्वी, आत मंदिर. ॲपच्या पडद्यावर एका वेळी जेमतेम सात-आठ वचने दिसतात, तिथे हे हाताला लागत नाही.

याच भागात मराठी अनुवादाचे एक काम फार नीट झाले आहे. लांबीचे माप ‘हात’ असे दिले आहे. हे आपल्या घरातले माप. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, सुमारे 45 सेंटीमीटर. जखऱ्या 5 मधली उडती गुंडाळी वीस हात लांब आणि दहा हात रुंद, म्हणजे साधारण 30 फूट बाय 15 फूट. आता 1 राजे 6:3 उघडा. शलमोनाच्या मंदिराच्या देवडीचे माप हेच आहे. जखऱ्याच्या त्याच अध्यायातला एफा मात्र तसाच ठेवला आहे आणि त्याचा अंदाज वाचकाला येत नाही. समासात ‘सुमारे 22 लिटर, धान्याचे माप’ असे लिहून ठेवा. त्या मापात बसलेली बाई आणि वरचे शिशाचे झाकण मग डोळ्यांसमोर येते. यहेज्केल 40:5 मधला हात याहून मोठा आहे, त्यात चार बोटांची भर आहे, हेही टिपून ठेवा. नाहीतर यहेज्केलाने दृष्टांतात पाहिलेल्या मंदिराची मापे जुळत नाहीत.

अनुवादाची जिथे मर्यादा येते ती ठिकाणेही माहीत असावीत. यिर्मया 1:11 मध्ये संदेष्ट्याला बदामाची काठी दिसते आणि लगेच परमेश्वर म्हणतो की मी माझ्या वचनाविषयी जागृत आहे. मराठीत या दोन वाक्यांचा सांधाच लागत नाही. हिब्रूत बदाम ‘शाकेद’ आणि जागा असलेला ‘शोकेद’. सगळा दृष्टांत या नादावर उभा आहे. आमोस 8 मध्ये तसेच. उन्हाळी फळ ‘कायित्स’, शेवट ‘केत्स’. टोपलीतल्या फळांवरून इस्राएलाच्या शेवटावर उडी का मारली, ते इथे कळते. कोणत्याही मराठी अनुवादाला हे साधणार नाही, त्यामुळे दोष देण्यात अर्थ नाही. पेन्सिलीने दोन शब्द लिहिले की काम होते. प्रेषितांची कृत्ये 10:10 मधल्या ‘तंद्री’बद्दल मात्र आमचा थोडा आक्षेप आहे. पेत्र यापोत धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, प्रार्थनेला गेला आहे, भूक लागली आहे, आणि त्याला तंद्री लागते. रोजच्या बोलण्यात तंद्री म्हणजे गुंगी किंवा विचारांत हरवणे. मूळ ‘एक्स्तासिस’ त्याहून तीव्र आहे, माणूस स्वतःच्या बाहेर जातो. जेवणाआधीची डुलकी असा अर्थ इथे कोणी घेऊ नये.

‘संदेष्टा’ हा शब्द मात्र बीएसआयच्या अनुवादाचे खरे धन आहे. जुन्या मराठीतला ‘भविष्यवादी’ हा शब्द वाचकाला ज्योतिषाकडे घेऊन जायचा. संदेष्टा निरोप आणतो, आणि तो निरोप बहुतेक वेळा आजच्या अन्यायाबद्दल असतो.

खुणा करायची एक पद्धत उपयोगी पडते. ॲपमध्ये अधोरेखनाला रंग आहेत. एक रंग पाहिलेल्या गोष्टीला, दुसरा अर्थ सांगणाऱ्या वचनांना, तिसरा पाहणाऱ्याच्या अवस्थेला. दानीएल 7 वर करून बघा. 28 वचने आहेत. चौदाव्यापर्यंत स्वप्न: समुद्रातून निघालेले चार पशू, दहा शिंगे, पुराणपुरुषाचे आसन. सोळाव्यापासून अर्थ, आणि तो दानीएल सांगत नाही, जवळ उभा असलेला एक जण सांगतो. ज्याने नबुखद्नेस्सराच्या स्वप्नाचा अर्थ सांगितला त्याच दानीएलाला आपले स्वप्न दुसऱ्याला विचारावे लागते. तिसरा रंग पंधराव्या आणि अठ्ठाविसाव्या वचनाला: तो घाबरलेला आहे, चेहरा उतरला आहे. 8:27 मध्ये तर तो काही दिवस आजारी पडतो. रंग लावले की लक्षात येते की अर्थाला चित्राइतकीच जागा दिलेली आहे, आणि तो मजकुरातच आहे. वाचकाने पदरचा घालायचा नाही.

इथेच लोक चुकतात. स्वप्नफलाच्या कोष्टकासारखी चिन्हांची यादी करतात: सिंह म्हणजे अमुक, शिंग म्हणजे तमुक. दानीएल 7 मध्ये सिंहासारखा पशू हे एक राज्य आहे, प्रकटीकरण 5:5 मध्ये सिंह म्हणजे ख्रिस्त, 1 पेत्र 5:8 मध्ये गर्जणारा सिंह म्हणजे सैतान. यादी कुठे जुळवणार? उत्पत्ती 40 मध्ये तीन फाटे म्हणजे तीन दिवस, आणि पुढच्याच अध्यायात सात गाई म्हणजे सात वर्षे. प्रत्येक ठिकाणचा अर्थ त्या ठिकाणीच घ्यायचा.

पारख करायची वचने छापील प्रतीत कागदी खुणा घालून कायमची हाताशी ठेवा. गणना 12:6–8 पहिली: परमेश्वर संदेष्ट्याला दृष्टांतात प्रकट होतो, स्वप्नात बोलतो, मोशेशी मात्र तोंडोतोंड. म्हणजे स्वप्न आणि दृष्टांत ही सर्वांत वरची पायरी नाही. मग ‘अनुवाद’ या पुस्तकातली 13:1–5 आणि 18:22 जोडीने वाचा. सांगितलेले घडले नाही तर तो निरोप परमेश्वराचा नव्हे, हे सगळ्यांना आठवते. घडले, पण सांगणारा दुसऱ्या देवांकडे नेतो आहे, तर त्याचेही ऐकायचे नाही, हे कोणी सांगत नाही. यिर्मया 23:25–32 मध्ये ‘मला स्वप्न पडले, मला स्वप्न पडले’ म्हणणाऱ्यांचा समाचार आहे; गव्हापुढे भुसा काय, असा रोखठोक प्रश्न आहे. आणि प्रेषितांची कृत्ये 10: कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याला कैसरियात दुपारी तीनच्या सुमारास दृष्टांत, दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास पेत्राला यापोत, तीच गोष्ट तीन वेळा. एकाचे दुसऱ्याशी ताडून पाहिले जाते, आणि अकराव्या अध्यायात पेत्राला यरुशलेमेत सगळ्यांसमोर जाब द्यावा लागतो. शौल आणि हनन्या यांचेही नवव्या अध्यायात असेच दुहेरी आहे. ॲपमधले आजचे वचन, सुंदर चित्रावर छापलेले, यांतले काहीच दाखवत नाही. वृद्ध स्वप्ने पाहतील, तरुणांना दृष्टांत होतील, हे योएल 2:28 तेवढे हजारदा फिरते.

योएलबद्दल एक बारीक सूचना. हिब्रू क्रमांकाने चालणाऱ्या आवृत्त्यांत, कॅथलिक परंपरेतल्या काहींतही, हेच वचन 3:1 असते. गटात दोन प्रकारच्या प्रती असतील तर आधी सांगून ठेवा, म्हणजे पाने चाळण्यात वेळ जात नाही.

छापील प्रत विकत घेताना चेनचे कव्हर आणि सोनेरी कडा नंतर पाहा. दुकानातच यहेज्केल 1 उघडा. अठ्ठावीस वचने सलग वाचून डोळ्यांवर ताण येतो का, ते बघा. येत असेल तर मोठ्या टाइपाची प्रत मागा. बाहेरच्या समासात पेन्सिलीचे दोन शब्द मावतात का तेही बघा. कागद पातळच असतो, त्यामुळे जेल पेन आणि मार्कर मागच्या पानावर उमटतात. एचबी पेन्सिल हलक्या हाताने चालवा. प्रत जखऱ्यापाशी उघडून सपाट राहते का, की मिटते, हे हात काढून पाहा. मिटत असेल तर शिवणीची दुसरी प्रत घ्या, कारण ते सहा अध्याय पुढे-मागे करत प्रत बराच वेळ उघडी ठेवावी लागणार आहे.