आठव्या आठवड्यातली शो-पारख: फी कशासाठी द्यावी, कशासाठी देऊ नये

कुत्र्यांच्या शोसाठी पिल्लू घेणाऱ्यांना एक सेवा मिळते. अनुभवी ब्रीडर, हँडलर (शोमध्ये कुत्रा सादर करणारा) किंवा जज येऊन एका लिटरमधली, म्हणजे एका वेतातली, सगळी पिल्लं टेबलावर उभी करतो, हात लावून अंगकाठी तपासतो आणि रिंगसाठी (शोच्या मैदानासाठी) कोणतं, घरी पाळायला कोणतं, ते सांगतो. ही सेवा घ्यावी का? जरूर घ्यावी, पण कोणतं पिल्लू सोडायचं हे कळण्यासाठी. आठ आठवड्यांच्या पिल्लात हाडांची मांडणी दिसते, चॅम्पियन दिसत नाही. ‘हे नक्की चॅम्पियन होणार’ असं सांगणारा पारखी फीला पात्र नाही.

दिवस ठरवताना घोळ घालू नका. बहुतेक अनुभवी ब्रीडर आठ आठवडे, फार तर तीन दिवस मागेपुढे, हाच काळ धरतात, कारण त्या वयात पिल्लाची प्रमाणं मोठेपणीच्या प्रमाणांशी बरीच जुळतात. पुढे प्रत्येक हाड आपापल्या गतीनं वाढतं. चार ते आठ महिन्यांत मागचा भाग उंच, पाय लांब, छाती वर असा बेढब काळ येतो आणि त्यात केलेली पारख फसते. टॉय (अगदी लहान आकाराच्या) जातींत मात्र ब्रीडर तीन-चार महिने थांबून ठरवतात, आणि ते बरोबरच आहे.

पारखी कसा आहे हे तयारीतच कळतं. पिल्लं झोप काढून, शी-शू करून, रिकाम्या पोटी आलेली हवीत. फुगलेलं पोट बरगड्या झाकतं आणि पाठीची रेषा बिघडवतं. टेबलावर न घसरणारी रबरी मॅट हवी, कारण पाय घसरू लागले की पिल्लू कोपरं बाहेर काढून उभं राहतं आणि नसलेला दोष दिसतो. समोर मोठा आरसा असला की पिल्लू धरणाऱ्यालाही बाजूची रेषा दिसते. दाट केसांच्या जातीत अंग ओलं करून घ्यावं. कोरड्या फुललेल्या केसांखाली आखूड मानही लांब भासते.

खरी पारख पुढच्या पायांची, आणि इथेच बहुतेक जण घाई करतात. एक हात जबड्याखाली, दुसरा मागच्या पायांमध्ये धरून पिल्लाचा पुढचा भाग चार-पाच सेंटीमीटर उचलायचा आणि हलकेच सोडायचा. पाय जिथे पडतील तिथेच राहू द्यायचे. हातानं पाय नेमके लावून ठेवणारा पारखी दोष झाकत असतो. मग बोटांनी तीन जागा शोधायच्या: खांद्याच्या फऱ्याचं वरचं टोक, खांद्याचा पुढचा सांधा आणि कोपर. बऱ्याच जातींत फरा आणि त्याखालचं वरच्या पायाचं हाड जवळपास सारख्या लांबीचं असावं लागतं आणि कोपर फऱ्याच्या वरच्या टोकाच्या सरळ खाली यावं लागतं. वरच्या पायाचं हाड आखूड आणि उभं असलं तर अख्खा पाय मानेकडे सरकतो. समोर छातीचं हाड हाताला लागत नाही, पाऊल लांब पडत नाही, पंजा उगाच वर उचलला जातो. वय, व्यायाम, खाणं, कशानंही हे सुधारत नाही. टेबलावर पुढच्या भागाला मागच्यापेक्षा जास्त वेळ देणारा पारखी निवडा.

मागच्या पायांत घोटा तपासतात. पंजापासून घोट्यापर्यंतचा भाग उभा धरून, सांध्याच्या मागून अंगठ्यानं अगदी हळू पुढे दाबायचं. सांधा जागेवर राहिला तर ठीक, पुढे मोडल्यासारखा सरकला तर तो कमकुवत आहे आणि पुढे चालीत लटपटणार. गुडघ्याची वाटी सरकते का, ते पशुवैद्यानं बघायचं.

खरेदीदार हमखास भुलतात ते मागच्या पायांच्या खूप वाकलेल्या कोनाला. फोटोत तो भारदस्त दिसतो. पण पुढचा खांदा उभा आणि मागचा भाग खूप कोनदार असला तर मागचे पाय पुढच्यांवर आदळू पाहतात. ते टाळायला कुत्रा अंग तिरकं करून धावतो किंवा पुढचे पाय वर फेकतो. पुढे-मागे दोन्हीकडे मध्यम कोन असलेलं, पण तोल सांभाळलेलं पिल्लू रिंगमध्ये जास्त चालतं. असं साधं, सुटसुटीत पिल्लू दाखवणारा पारखी आम्हांला जास्त विश्वासाचा वाटतो.

टेबलानंतर जमीन. दहा-बारा मीटर मोकळी जागा आणि ओळखीच्या माणसाची हाक पुरे. पिल्लू दुडक्या चालीत यावं. ते उड्या मारत आलं तर पुन्हा बोलवायचं, कारण उड्यांत काहीच कळत नाही. समोरून, मागून आणि बाजूनं असा तिन्ही बाजूंचा व्हिडिओ कॅमेरा पिल्लाच्या खांद्याच्या उंचीवर धरून घ्यावा. टेबलावर निष्णात हात बरंच सावरून घेतो. चालीत तसं होत नाही, म्हणून दोन निकाल वेगळे आले तर चालीचा निकाल धरा.

आता या सेवेच्या मर्यादा. पहिली दातांची. दुधाचे दात 28, कायमचे 42. पहिल्या प्रीमोलरला (सुळ्यामागच्या पहिल्या दाताला) आणि दाढांना दुधाचे दातच नसतात, त्यामुळे पूर्ण 42 दात लागणाऱ्या जातीत आठव्या आठवड्याला कुणीही हमी देऊ शकत नाही. खालचा जबडा नंतरही वाढतो, म्हणून वरचे दात थोडेसे पुढे असतील तर कधी कधी जुळून येतात. खालचा जबडा आधीच पुढे आलेला असेल आणि जातीला तसा चालत नसेल, तर तो सुधारेल ही आशा सोडा. खालचे सुळे टाळूत रुतत असतील तर थेट पशुवैद्याकडे न्या. तिथे शो बाजूला, पिल्लाला दुखतंय.

नर पिल्लाचे दोन्ही अंडकोष या वयात बहुधा हाताला लागतात. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या ब्रीड स्टँडर्डमध्ये (जातीच्या लेखी मानकात) नराचे दोन्ही अंडकोष सामान्य आणि पूर्ण उतरलेले असावेत ही अट असते, त्यामुळे एकच लागत असेल तर ते पिल्लू शोच्या बोलीवर घेऊ नका. तपासताना हात गरम आणि पिल्लू शांत हवं, नाहीतर उतरलेलाही वर ओढला जातो.

दुसरी मर्यादा जातीच्या ज्ञानाची. हाडं वाचणारा कुठल्याही जातीचा सांगाडा वाचेल, पण डोकं, केस आणि रंग त्या जातीत मुरलेल्या माणसानंच बघायचे. डाल्मेशियनचे ठिपके जन्मानंतर उमटतात, मोठा काळा डाग असलाच तर तो मात्र जन्मतःच असतो. यॉर्कशायर टेरियर काळं-तांबूस जन्मतं आणि त्याचा खरा रंग पुढे उतरतो. हे माहीत नसलेला माणूस चुकीचं पिल्लू बाजूला काढेल.

आरोग्याचे अहवाल वेगळे मागा, पारख्याची चिठ्ठी त्यांची जागा घेत नाही. डाल्मेशियनची बीएईआर श्रवणचाचणी पाच आठवड्यांनंतर होते. कॉलीचे डोळे सहा ते आठ आठवड्यांत तज्ज्ञानं तपासायला हवेत, कारण पुढे रंगद्रव्य वाढून सौम्य दोष झाकला जातो. खुब्यांसाठी आईबापांचे अहवाल बघा. खुब्यांचे अहवाल देणारी अमेरिकी संस्था ओएफए अंतिम निकाल 24 महिन्यांआधी देत नाही.

स्वभावाची तपासणी थोडक्यात होते, पण टाळू नये. अनोळखी खोलीत, अनोळखी माणसानं स्टीलचं भांडं खाली टाकायचं. दचकणं ठीक. काही सेकंदांत पिल्लू हुंगायला आलं तर छान. कोपऱ्यात दबून बसलेलं पिल्लू, अंगानं कितीही सुंदर असलं तरी, परक्या जजला तोंड उघडू देताना हाल सोसणार. त्याला शांत घर मिळावं.

फोटो-व्हिडिओवरून पारख करून देणाऱ्यांबद्दल आमचं मत कडक आहे. वरून काढलेल्या फोटोत पाय आखूड आणि डोकं मोठं दिसतं, फऱ्याची लांबी हाताशिवाय कळत नाही, घोट्याचा सांधा तर मुळीच नाही. दूरचा पर्याय म्हणून चालीच्या व्हिडिओवर मत घ्या, टेबलाच्या फोटोवर नको.

फी देण्याआधी दोन गोष्टी विचारा. पारख्याला ब्रीडरकडून विक्रीमागे काही मिळतं का? आणि ब्रीडर स्वतःसाठी कोणतं पिल्लू ठेवतोय? चांगला ब्रीडर बहुधा पहिलं स्वतः ठेवतो, त्यात गैर काही नाही, पण तुम्हांला दुसरं मिळतंय हे आधी कळायला हवं. नंतर प्रत्येक पिल्लाचा लेखी तक्ता मागा: वजन, दातांची ठेवण, अंडकोष, पुढचा भाग, मागचा भाग, पाठ, शेपटीची बैठक, चाल आणि क्रम लावण्याचं कारण. नुसता क्रम निरुपयोगी. ब्रीडरशी करार करताना दात किंवा अंडकोष पुढे बिघडले तर काय, आणि नोंदणी तुमच्या एकट्याच्या नावावर की ब्रीडरसह दोघांच्या, हे कागदावर घ्या.

हीच पारख दुसऱ्यांदा करायची असेल तर कायमचे दात येऊन आणि बेढब काळ सरल्यावर, साधारण आठ महिन्यांनंतर करा आणि शक्यतो त्याच माणसाकडून. एफसीआयचा पपी क्लास सहा ते नऊ महिन्यांचा आहे. तोवर दात आलेले नसले किंवा पिल्लू बेढब काळात असलं, तर प्रवेशिका भरू नका आणि नऊ महिन्यांपासूनच्या ज्युनियर क्लासपर्यंत थांबा.