वहिनीच्या मंगळसूत्राची वाटी आणि पावणेसात हजारांचा मेटल डिटेक्टर

आधीच सांगून टाकतो, मी काही या विषयातला जाणकार नाही, एप्रिलपर्यंत मेटल डिटेक्टर म्हणजे मॉलच्या दारात सिक्युरिटीवाला अंगावरून फिरवतो ती काठी एवढंच माहीत होतं. घेतला तो गरज पडली म्हणून. गावी, राजापूर तालुक्यात, आमच्या काजूच्या बागेत बी गोळा करताना वहिनीचं मंगळसूत्र वाढलं (तुटलं म्हणायचं नसतं, काकी ओरडते). काळे मणी बरेचसे मिळाले, सासरची वाटी पण तिथेच पायाशी मिळाली, माहेरची मात्र गेली ती गेलीच. आणि नेमकी माहेरचीच गेल्यामुळे घरात जे वातावरण झालं ते सांगायला नको. दोन दिवस सगळे ओणवे होऊन पातेरा (झाडाखालचा वाळका पाला) चाळत होते. मग मी ऑनलाइन शोधून हे मशीन मागवलं, 6,750 रुपये, वर पिनपॉइंटर नावाचं, जवळून नेमकी जागा दाखवणारं गाजराएवढं एक हातातलं यंत्र 1,100 ला वेगळं. कंपनीचं नाव घेत नाही कारण त्यांना शिव्या पण घालायच्यात.

बॉक्समध्ये तीन तुकड्यांचा दांडा, साडेआठ इंची गोल कॉइल (जमिनीवरून फिरवायची चकती), स्क्रीनचा डबा, प्लॅस्टिकची एक खेळण्यातली फावडी. 9 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या लागतात, त्या बॉक्समध्ये नाहीत, आणि आमच्या गावच्या दुकानात पेन्सिल सेल सोडून काही मिळत नाही, म्हणजे पहिला दिवस राजापूरला जाऊन येण्यातच गेला. मॅन्युअल कुठल्या तरी भाषेतून इंग्रजीत आलेलं, वाचून मी होतो त्यापेक्षा जास्त गोंधळलो. दांड्याचा स्क्रू प्लॅस्टिकचा, तिसऱ्या दिवशी त्याचे आटे गेले, आता सुतळीने बांधलाय. कॉइल पाण्यात चालते पण वरचा डबा नाही, हे बॉक्सवर इतक्या बारीक अक्षरात लिहिलंय की त्यालाच भिंग लागेल.

आता मेन मुद्दा. स्क्रीनवर अंगठी, नाणं, खिळा अशी चित्रं येतात ना, त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. मशीनला सोनं कळत नाही. कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, तिथे धातू असेल तर त्यात छोटे छोटे विद्युत प्रवाह गोल फिरायला लागतात, आणि त्यांची प्रतिक्रिया कॉइल ऐकते, एवढंच. ती किती जोरात येते हे धातू, आकार आणि खोली या तिन्हीवर असतं, त्यामुळे सोन्याची बारीक वस्तू आणि ऍल्युमिनियमचा कपटा जवळपास एकाच नंबरवर (स्क्रीनवर आकडा येतो तो) बोलतात. पहिल्या दोन तासांत अंगठीचं चित्र मला सात वेळा आलं. चार वेळा गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचे तुकडे, दोनदा सिगरेटच्या पाकिटातला चांदीचा कागद, आणि एकदा वीस पैशाचं ते जुनं सहा कोनी नाणं. पुतण्याने ते नाणं आधी कधी बघितलंच नव्हतं, त्याला सापडल्याचा आनंद वाटीपेक्षा जास्त झाला.

मग डोकं लावलं, म्हणजे उशिराच लावलं. दुसरी वाटी तर आपल्याकडे होती! ती वहिनीकडून मागून घेतली (देताना तिचा चेहरा, "भावोजी, ही पण घालवाल हं"), लाल दोऱ्यात बांधली आणि अंगणात मातीवर ठेवून वरून कॉइल फिरवली. आवाज कसा येतो, नंबर किती, 42 ते 45 च्या मध्ये नाचतो, पालथी ठेवली तर काय, चार बोटं मातीखाली पुरली तर काय, सगळं बघितलं. वाटी पोकळ असली तरी फारसा फरक पडत नाही, प्रवाह वरच्या पत्र्यातच फिरतात. तुमची अंगठी हरवली असेल तर तशीच दुसरी कोणाची तरी घेऊन अर्धा तास हे करा, मॅन्युअलपेक्षा जास्त कळतं. आणि लोखंड गाळायचं डिस्क्रिमिनेशनचं बटण नवीन माणसाने बंदच ठेवावं, जास्त वाढवलं की खिळ्यांबरोबर बारीक सोनंही गप्प होतं. त्रास होतो, खिळे, बैलाच्या पायाची नाल, काय काय उकरावं लागतं, पण दुसरा इलाज नाही.

अजून एक गंमत म्हणजे आपल्या अंगावरचा आणि आसपासचा धातू. काकी जवळ आली की मशीन ओरडायचं, तिच्या जोडव्यांमुळे. मी बाजूला कुदळ ठेवून तिथेच शोधत होतो ते वेगळंच. म्हणजे 1881 मध्ये ग्रॅहम बेल, टेलिफोनवाला, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या अंगातली गोळी असल्याच यंत्राने शोधत होता आणि पलंगातल्या लोखंडी स्प्रिंगांनी घोळ घातला, तर आपलं काय. मोबाईल खिशात ठेवू नका, घड्याळ काढा, बुटात लोखंड नसेल असे बूट घाला.

कोकणातल्या माणसांसाठी खास सांगतो, आपली जांभ्याची जमीन या मशीनचा जीव घेते. जांभ्यात लोह भरपूर, त्यामुळे कॉइल जरा वर-खाली झाली तरी किर्र किर्र सुरू. महाग मशीनला ग्राउंड बॅलन्स असतो, म्हणजे जमिनीचा आवाज वजा करता येतो, यात तो कंपनीतून फिक्स करून दिलाय आणि तो आमच्या कातळासाठी नक्कीच केलेला नाही. शेवटी सेन्सिटिव्हिटी पाचपैकी दोनवर आणली तेव्हा कुठे शांत झालं. खोली कमी होते त्याने, पण आठवड्याभरापूर्वी पडलेली वस्तू काही दीड फूट खाली जात नाही, ती पातेऱ्यात नाहीतर वरच्या बोटभर मातीतच असणार. "10 इंच खोल शोधतो" वगैरे जाहिरातीला भुलून जास्त पैसे घालू नका, आपल्याला ते नकोच असतं.

तरी दोन दिवस काही मिळालं नाही. सुतळी लावून हातभर रुंदीचे पट्टे आखले, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी येईल अशी, कॉइल जमिनीपासून दोन बोटं वर. पातेरा प्लॅस्टिकच्या टबात भरून, मशीन उलटं टेकवून त्यावरून टब सरकवला, हे भारी जमतं, जमिनीचा त्रासच जातो. पण वाटी नाही. वर गावात बातमी फिरली की आमच्या बागेत गुप्तधन शोधतायत. संध्याकाळी गडग्यावर (बागेच्या दगडी कुंपणावर) चारपाच जण बसलेले, एकाने हळूच विचारलं, कोंबडं नाही का आणलं. त्याला सांगितलं की बाबा गुप्तधनासाठी नरबळी-जादूटोण्याचे प्रकार केले तर 2013 चा कायदा आहे, आणि खरंच पुरलेलं काही निघालं तर 1878 पासूनच्या गुप्त निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांच्या वरचं असेल तरी कलेक्टरला कळवावं लागतं. तो म्हणाला, मग काय उपयोग, आणि घरी गेला. (किल्ल्यांवर हे मशीन घेऊन जायचा विचार कोणी करत असेल तर करू नका, संरक्षित जागेत परवानगीशिवाय खोदणं गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी करू नका.)

तिसऱ्या दिवशी दुपारी काकी खळ्यात बसल्या बसल्या म्हणाली, "अरे, वाकली तेव्हा पिशवी कुठे होती तिची?" पिशवी कमरेला. बी बोंडूपासून (काजूच्या फळापासून) पिरगाळून सुटी केली की त्यातच टाकत होती. त्या दिवशीच्या बिया वाळवून गोणीत भरून पडवीत उभ्या होत्या, व्यापारी शुक्रवारी येणार होता. आम्ही सगळे एकमेकांकडे बघतच राहिलो. गोणीवरून कॉइल फिरवली तर काही नाही, बियांचा थर जाड होता. मग खळ्यात ताडपत्रीवर बिया बोटभर थरात पसरल्या. दुसऱ्या गोणीच्या मध्यावर तोच आवाज, 43, 44, 43. पिनपॉइंटर बियांत खुपसला तो थरथरायला लागला, वहिनीने माझ्या हातातून तो काढूनच घेतला आणि बिया बाजूला करत करत वाटी तिनेच उचलली. कडेला बोंडूचा चिकट रस वाळून काळा झालेला, त्याला एक काळा मणी चिकटलेला. त्या दिवशी चहा दोनदा झाला.

नंतर उत्साहात रत्नागिरीजवळ किनाऱ्यावर पण नेऊन बघितलं. कोरड्या वाळूत मस्त चालतं, बाटल्यांची बुचं आणि एक कानातलं मिळालं (खोटं). ओल्या वाळूत मात्र वेडं होतं, खारं पाणी स्वतःच वीज वाहतं त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या स्वस्त मशीनला सगळीकडे धातूच दिसतो, आणि आपल्या किनाऱ्यावर इल्मेनाइटच्या (लोह असलेलं खनिज) काळ्या वाळूचे पट्टे आहेत ते वेगळे. समुद्रात अंगठी गेली असेल तर हे घेऊ नका, एकाच वेळी बऱ्याच फ्रिक्वेन्सीवर चालणारं काहीतरी बघा, मायनलॅबचं व्हॅनक्विश वगैरे, पण ते बरंच महाग पडतं.

मी 5 पैकी साडेतीन देईन. अर्धा स्टार त्या स्क्रूसाठी कापला, एक त्या अंगठीच्या चित्रासाठी. पिनपॉइंटरला पूर्ण पाच, फक्त एकच घ्यायचं असेल आणि जागा छोटी असेल, म्हणजे अंगण, धान्याचं पोतं, कचऱ्याची बादली, तर तोच घ्या. कस्टमर केअरला स्क्रूसाठी तीन मेल केले, उत्तर नाही.

वहिनीने परवा सोनाराकडे जाऊन दोन्ही वाट्या काळ्या पोतीतून काढून बारीक सोन्याच्या चेनमध्ये ओवून घेतल्या, आता तुटायची भीती नाही म्हणे. बारीक चेनची प्रत्येक कडी मशीनला सुटी सुटी दिसते, त्यामुळे नुसती चेन या मशीनला जवळजवळ ऐकूच येत नाही, हे मी अजून तिला सांगितलेलं नाही.